वाचकांचे प्रश्न: गाडी ओळखणारा प्रकाशझोत आणि सिग्नलची जोडणी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती: छोट्या रेल्वेच्या रुळांवरची गाडी प्रकाशाच्या साहाय्याने ओळखायची आणि त्यावरून सिग्नल आपोआप बदलायचे, हे कसे साधावे? त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही प्रश्नांचा धागा त्यातूनच निघतो.

प्रश्न: माझा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा, साधा लंबगोल आहे. त्याचे तीन विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी लाल, पिवळा आणि हिरवा असा तीन दिव्यांचा सिग्नल उभा केला आहे. गाडी एकाच दिशेने धावते. अडथळा ओळखणारी, तीन पायांची अवरक्त (इन्फ्रारेड) मोड्यूल मी रुळांच्या मधे, वर तोंड करून बसवली आहेत. गाडी वरून जात असताना सिग्नल लाल-हिरवा असा लुकलुकतो आणि दुपारी खिडकीतून ऊन आले की गाडी नसतानाही लाल होतो. मोड्यूलचा आउटपुट सिग्नलला कसा जोडावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर: आपण जोडणीविषयी विचारले आहे; परंतु लुकलुकणे आणि उन्हात फसणे हे दोन्ही दोष तारांचे नसून झोत कोठून कोठे जातो याचे आहेत. म्हणून आधी झोताकडे पाहू.

आपल्या मोड्यूलमध्ये अवरक्त प्रकाश देणारा एक एलईडी आणि त्याच्या शेजारी एक फोटोडायोड असतो. समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश फोटोडायोडवर पडतो, आणि एलएम ३९३ हा कंपॅरेटर त्या प्रकाशाची तुलना प्रीसेटने (पेचकसाने फिरवायच्या छोट्या रोधकाने) ठरवलेल्या पातळीशी करतो. पातळी ओलांडली गेली की आउटपुट शून्य व्होल्टकडे जातो. डब्याच्या पोटाखालून वर पाहणाऱ्या अशा सेन्सरला कधी सपाट तळ दिसतो, कधी काळी बोगी (चाके बसवलेला सांगाडा) दिसते, तर कधी दोन डब्यांमधली फट दिसते. काळ्या, खरखरीत रंगाच्या बोगीवरून फारच थोडा प्रकाश परततो आणि फटीतून तर काहीच परतत नाही. त्यामुळे एकच गाडी सेन्सरच्या हिशेबी पाच-सहा वेळा येते आणि जाते. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. तो थेट फोटोडायोडवर पडला की त्याला तो परतलेला प्रकाश वाटतो आणि सिग्नल लाल होतो. प्रीसेट फिरवून यांपैकी एक दोष कमी केला की दुसरा वाढतो, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

आमचे स्पष्ट मत असे की सिग्नलसाठी परावर्तनाचा सेन्सर वापरूच नये. रुळाच्या एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर असा आरपार झोत वापरावा. लुकलुकणे थांबते हे त्याचे एक कारण झाले, पण त्याहून मोठे कारण बिघाडाचे आहे. परावर्तनाच्या सेन्सरमधला एलईडी जळाला किंवा त्याची तार तुटली, तर प्रकाश परतत नाही, सेन्सर ‘गाडी नाही’ असे सांगतो आणि गाडी उभी असतानाही सिग्नल हिरवा राहतो. आरपार झोतात नेमके उलट होते. एलईडी जळाला, तार तुटली किंवा भिंगावर धूळ बसली, तरी झोत तुटल्यासारखाच होतो आणि सिग्नल लाल होतो. मोठ्या रेल्वेचा सगळा सिग्नल-विभाग याच तत्त्वावर उभा आहे. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये सिद्ध केलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून सतत वाहणारा प्रवाह एक रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) उचलून धरतो. गाडीची चाके दोन रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली किंवा रूळ तुटला तरीही तो रिले पडतोच. मुंबईत १९२८ मध्ये व्हीटी ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसले, त्यांच्यामागेही गाडीने रिले पाडावा, उचलू नये, हाच विचार होता. आपल्या टेबलावर कोणाच्या जिवाचा प्रश्न नसला तरी हा विचार पाळला की बिघाड शोधणे फार सोपे होते, कारण लाल सिग्नल लगेच डोळ्यांत भरतो आणि खोटा हिरवा सिग्नल टक्कर होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता झोताचा कोन. झोत रुळांना काटकोनात नेला तर तो दोन डब्यांमधल्या फटीतून निसटतो. तो तिरका न्यावा. आपल्याकडच्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची रुंदी ३.२५ मीटर असते, म्हणजे १:८७ प्रमाणात सुमारे ३७ मि.मी. झोत रुळांशी ४५ अंशांचा कोन करून गेला, तर डब्याची रुंदी ओलांडताना तो रुळांच्या दिशेनेही ३७ मि.मी. सरकतो; दोन डब्यांमधली फट १५ मि.मी. असली तर त्याला तेथून सरळ पलीकडे जाता येत नाही. कोन ६० अंशांचा ठेवला तरी सरकणे सुमारे २१ मि.मी. होते आणि तेवढेही पुरते. उंचीचा विचार मात्र काळजीपूर्वक करावा. झोत चाकांच्या उंचीला असला तर तो बोगीच्या सांगाड्यातून लुकलुकतो, आणि खिडक्यांच्या उंचीला असला तर पारदर्शक खिडक्यांतून आरपार जातो व रिकाम्या सपाट वाघिणीवरून तर बिनबोभाट निघून जातो. डब्याची फरशी ज्या उंचीला असते तीच उंची योग्य. एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर यांना झुडपात, केबिनच्या भिंतीत किंवा फलाटाच्या कडेत लपवता येते.

उन्हाचा प्रश्न आरपार झोतातही उरतो आणि तो उलट्या दिशेने उरतो, हे विसरू नये. ऊन थेट फोटोट्रान्झिस्टरवर पडले तर गाडीने झोत अडवला असूनही त्याला प्रकाश मिळत राहतो, आणि मग सिग्नल खोटा हिरवा होतो. यावर साधा उपाय असा की फोटोट्रान्झिस्टरवर काळ्या हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणाऱ्या) नळीचा १० ते १५ मि.मी. लांबीचा तुकडा चढवावा, म्हणजे त्याला समोरच्या एलईडीखेरीज फारसे काही दिसत नाही. शिवाय त्याचे तोंड खिडकीकडे न ठेवता खिडकीकडे पाठ करून ठेवावे. खोलीत पिवळ्या प्रकाशाचे जुने बल्ब असतील तर ते बदलून एलईडी दिवे लावावेत, कारण जुन्या बल्बच्या प्रकाशात अवरक्त भाग फार मोठा असतो आणि एलईडी दिव्यात तो जवळजवळ नसतो. एवढे करूनही भागले नाही तर ३८ किलोहर्ट्झने स्पंदणारा झोत वापरावा लागतो. त्यात एक खोच आहे. टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेले रिसीव्हर सतत चालू राहिलेले स्पंदन हा गोंगाट समजून दाबून टाकतात. त्यामुळे झोत तुकड्यातुकड्यांनी पाठवावा लागतो किंवा प्रकाश-अडथळ्यासाठी खास बनवलेला, टीएसएसपी मालिकेतला रिसीव्हर घ्यावा लागतो.

जोडणी अशी करावी. एलईडीला ५ व्होल्टमधून २२० ओहमचा रोधक लावावा. एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे १७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि तेवढा पुरेसा आहे. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर ५ व्होल्टला आणि एमिटर १० किलोओहमच्या रोधकातून ग्राउंडला जोडावा. झोत पोहोचला की एमिटरचा व्होल्टेज वर जातो, तुटला की खाली येतो. हा एमिटर एलएम ३९३ च्या अधिक चिन्हाच्या इनपुटला आणि प्रीसेटची मधली तार उणे चिन्हाच्या इनपुटला द्यावी. एलएम ३९३ चा आउटपुट उघड्या कलेक्टरचा असतो, म्हणजे तो खाली खेचू शकतो पण वर ढकलू शकत नाही. म्हणून त्याच्यापासून ५ व्होल्टपर्यंत १ किलोओहमचा रोधक लावावा आणि तेथूनच आणखी १ किलोओहममधून बीसी ३३७ ट्रान्झिस्टरच्या बेसला तार न्यावी. त्या ट्रान्झिस्टरने ५ व्होल्टचा रिले चालवावा. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावण्यास विसरू नये. तो नसला तर रिले पडताना उठणारा व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टर घेऊन जातो. झोत सलग असताना रिले उचललेला राहतो. त्याचा नेहमी उघडा असणारा संपर्क हिरव्या दिव्याला आणि नेहमी बंद असणारा संपर्क लाल दिव्याला द्यावा.

पिवळ्या दिव्यासाठी दोन खांबांचा, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे संपर्क बदलणारा, रिले घ्यावा. पहिला खांब आपल्या विभागाच्या सिग्नलसाठी आणि दुसरा मागच्या सिग्नलसाठी. मागच्या सिग्नलची हिरवी तार थेट दिव्याकडे न नेता पुढच्या विभागाच्या रिलेच्या दुसऱ्या खांबातून न्यावी: तो रिले उचललेला असेल तर हिरवा लागतो, पडलेला असेल तर पिवळा. तिन्ही सिग्नलांत ही साखळी फिरवली की गाडीच्या लगेच मागे लाल, त्याच्या मागे पिवळा आणि त्याच्याही मागे हिरवा असा क्रम आपोआप लागतो, आणि त्यासाठी संगणकाची एक ओळही लिहावी लागत नाही. भारतीय रेल्वेचा चार संकेतांचा सिग्नल हवा असेल, ज्यात पिवळ्या आणि हिरव्याच्या मधे दोन पिवळे येतात, तर तीन विभाग अपुरे पडतात. तूर्त तिकडे वळू नये.

येथपर्यंतच्या जोडणीत एक मोठी उणीव आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. झोत फक्त एवढेच सांगतो की ‘या क्षणी, या जागी काहीतरी आहे’. विभाग व्यापलेला आहे की मोकळा, हे त्याला कळत नाही. गाडीचा शेवटचा डबा झोत ओलांडून पुढे गेला की झोत पुन्हा जुळतो आणि गाडी विभागाच्या पोटात असतानाच सिग्नल हिरवा होतो. म्हणून झोत आणि रिले यांच्या मधे स्मरणशक्ती हवी. एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम भरता येणारी चिप), उदाहरणार्थ अर्डुइनो नॅनो, हे काम चांगले करतो. कंपॅरेटरचे तिन्ही आउटपुट त्याच्या इनपुटना द्यावेत आणि रिले चालवणारे ट्रान्झिस्टर त्याच्या आउटपुटवर जोडावेत. नियम दोनच. विभागाच्या तोंडाचा झोत तुटला की तो विभाग व्यापलेला धरावा. आणि विभागाच्या शेवटचा झोत तुटून पुन्हा सलग दीड-दोन सेकंद जुळलेला राहिला, तरच तो विभाग मोकळा धरावा. लंबगोलात एका विभागाचा शेवट हाच पुढच्या विभागाचा आरंभ असल्यामुळे तीन विभागांना तीनच झोत पुरतात. दीड-दोन सेकंदांच्या या थांब्यामुळे उरलेसुरले लुकलुकणेही निघून जाते.

मायक्रोकंट्रोलरचा आउटपुट उंच म्हणजे ‘मोकळा’ अशीच मांडणी ठेवावी. तो रीसेट होत असताना त्याचे पाय काहीच पुरवत नाहीत, त्यामुळे रिले पडतात आणि सगळे सिग्नल लाल होतात. वीज जाऊन परत आल्यावर कोणत्या विभागात गाडी आहे हे त्याला माहीत नसते, तेव्हा सुरुवातीला सर्व विभाग व्यापलेले धरावेत आणि स्वतः डोळ्यांनी पाहून बटण दाबून मोकळे करावेत. मोठ्या रेल्वेत धुरा मोजणारी यंत्रणाही बिघाडानंतर व्यापलेलेच दाखवते आणि ती ठरलेल्या पद्धतीने रीसेट करावी लागते. त्या यंत्रणेचा एक फायदा आपल्या झोतांना नाही: आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या धुरा ती मोजते, त्यामुळे गाडीचा एखादा डबा सुटून विभागात राहिला तर तिला कळते. आपल्या झोतांना कळणार नाही.

प्रश्न: माझा लेआउट एन मापाचा आहे. रुळांमधे एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक, पुरून खोलीच्या दिव्यावरच काम चालवावे असा विचार आहे. एलईडी लपवण्याची कटकट वाचेल. हे योग्य होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर: दिवसा, दिवे एकसारखे असताना चालेल, हौशी लोकांनी ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली आहे. गाडीची सावली पडली की एलडीआरचा रोध वाढतो, एवढेच त्याचे काम. अडचणी तीन. एन मापात दोन रुळांमधले अंतर ९ मि.मी. असते आणि नेहमीचा एलडीआर ५ मि.मी. व्यासाचा, त्यामुळे तो दोन स्लीपरांच्या मधे लपत नाही. अंधारात गेल्यावर त्याचा रोध वाढायला काही दशांश सेकंदही लागू शकतात, आणि वेगवान एकट्या इंजिनाच्या बाबतीत तेवढा वेळ जाणवतो. तिसरी अडचण खरी मोठी आहे: पाहुण्यांना रात्रीचा देखावा दाखवण्यासाठी आपण खोलीतले दिवे मंद केलेत की साऱ्या लेआउटवर सगळीकडे गाड्याच गाड्या आहेत असे सेन्सरांना वाटेल. सिग्नल लाल होतील, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला आहे हे खरे, पण गाड्या उभ्या राहतील.

तरीही हीच पद्धत हवी असेल तर एक एलडीआर रुळांपासून दूर, उघड्यावर, साक्षीदार म्हणून ठेवावा आणि कंपॅरेटरच्या दुसऱ्या इनपुटला प्रीसेटऐवजी त्याचा व्होल्टेज द्यावा. खोलीचा प्रकाश कमी-जास्त झाला तर दोन्ही एलडीआर बरोबरच बदलतात आणि फक्त सावली वेगळी ओळखली जाते. आउटपुटपासून अधिक इनपुटपर्यंत १०० किलोओहमचा रोधक लावला की काठावरचे थरथरणे थांबते. एलडीआरऐवजी ३ मि.मी.चा फोटोट्रान्झिस्टर घेतला तर जागेचा आणि वेगाचा प्रश्न मिटतो. मग त्याच्या वर, सिग्नलच्या कमानीत किंवा पादचारी पुलाच्या तळाशी, एक अवरक्त एलईडी बसवणे एवढीच कटकट उरते. आमच्या मते ती करावी.

प्रश्न: डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) प्रणालीवर गाड्या चालवू लागल्यापासून झोताचे सेन्सर मधूनमधून खोटे संकेत देतात. गाडी तेथे नसतानाही क्षणभर लाल होतो. साध्या डीसीवर हे होत नव्हते. — एक वाचिका, नाशिक

उत्तर: डीसीसीमध्ये रुळांवरचा व्होल्टेज सतत उलटसुलट होत असतो. ‘एक’ या बिटाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा आणि ‘शून्य’ या बिटाचा अर्धा भाग सुमारे १०० मायक्रोसेकंदांचा किंवा अधिक असतो. इतक्या तीक्ष्ण कडांचा हा व्होल्टेज ज्या जाड तारांतून टेबलाखाली फिरतो, त्यांच्याबरोबर सेन्सरची बारीक तार मीटर-दोन मीटर बांधून नेली असेल, तर त्या तारेतही तो उमटतो. टेबलाखाली वाकून पाहिलेत तर दोन्ही तारा एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीने नीटनेटक्या बांधलेल्या दिसण्याची शक्यता फार आहे. सेन्सरच्या तारा रुळांच्या मुख्य तारांपासून निदान हातभर दूर न्याव्यात आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. फोटोट्रान्झिस्टरच्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. संगणकाच्या नेटवर्कची केबल वापरली तर पिळाच्या चार जोड्या आयत्याच मिळतात. कंपॅरेटर लांबच्या पॅनेलवर न ठेवता सेन्सरजवळच ठेवावा, म्हणजे लांब तारेतून जाणारा संकेत आधीच ठाम झालेला असतो. त्याच्या पुरवठ्याच्या पायांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. फोटोट्रान्झिस्टरच्या एमिटरपासून ग्राउंडला जाणारा रोधक १०० किलोओहमचा असेल तर १० किलोओहमचा करावा. सेन्सरचे ग्राउंड आणि डीसीसीचा कोणताही रूळ एकमेकांना जोडलेले नाहीत याची खात्री करावी.

मायक्रोकंट्रोलर असेल तर संकेत सलग ३० मिलिसेकंद टिकला तरच खरा मानावा. गाडी ताशी १०० कि.मी.च्या प्रमाणबद्ध वेगाने जात असली तरी एचओ मापात ती सेकंदाला सुमारे ३२० मि.मी. सरकते, म्हणजे ३० मिलिसेकंदांत जेमतेम १० मि.मी.; एवढ्या उशिराने काही बिघडत नाही आणि खोटे संकेत मात्र गाळले जातात.

डीसीसी असताना विभागातला प्रवाह मोजून गाडी ओळखण्याची पद्धतही आपल्याला उपलब्ध आहे. तिला विभागात सुटून राहिलेला डबा कळू शकतो, मात्र त्या डब्याच्या चाकांवर रोधक बसवलेला असावा लागतो. लपलेल्या यार्डात गाडी नेमक्या जागी थांबवण्यासाठी झोत आणि विभाग व्यापलेला आहे हे कळण्यासाठी प्रवाह, अशी वाटणी उत्तम ठरते.

प्रश्न: आठ झोत आणि आठ रिले एका ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतील का? आणि अवरक्त एलईडी चालू आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नसताना कसे तपासावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आठ एलईडींना प्रत्येकी १७ मिलिअँपिअर धरले तर सुमारे १४० मिलिअँपिअर होतात. नेहमीच्या ५ व्होल्टच्या लहान रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे आठांना ५६०. दोन खांबांचा रिले घ्याल तेव्हा त्याच्या कॉइलचा रोध मोजून आकडा ताडून पाहावा. एकूण पाऊण अँपिअरच्या आत येते. २ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा आणि निश्चिंत राहावे. रिलेंना हा पुरवठा थेट अडॅप्टरवरून द्यावा, मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पायावरून कधीही देऊ नये. सिग्नलच्या दिव्यांसाठी वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवलात तर सेन्सरांचा पुरवठा गेला तरी रिले पडून लाल दिवे जळत राहतात. त्या दिव्यांना १ किलोओहमचा रोधक लावावा. हिरव्याला मात्र २.२ किलोओहमचा, नाहीतर तो लाल आणि पिवळ्यापेक्षा भलताच प्रखर दिसतो. विकतचे सिग्नल बहुधा एक समाईक धन तार आणि प्रत्येक दिव्याची वेगळी ऋण तार अशा रचनेचे असतात. तसे असल्यास रिलेचा मधला संपर्क १२ व्होल्टच्या ऋण बाजूला जोडावा.

एलईडी तपासण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. चालू असेल तर पडद्यावर फिकट जांभळा ठिपका दिसतो. अनेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून ठिपका दिसला नाही तर पुढचा कॅमेरा वापरून पाहावा, आणि त्याआधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर कॅमेऱ्याचीच परीक्षा घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुटे एलईडी घेताना ९४० नॅनोमीटरचे मागावेत आणि फोटोट्रान्झिस्टरही त्याच लांबीच्या लहरींना साजेसा, काळ्या आवरणाचा घ्यावा, कारण काळे आवरण दृश्य प्रकाश बराचसा अडवते. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या असतात. पिशव्यांवर दुकानातच नाव लिहून घ्यावे.